समाजमाध्यमांवरील लेखनाचे जतन : वारसा, अभिलेखागार आणि मर्यादा



पत्रे, बखरी, महजर आणि दप्तरे ही भाषेच्या व समाजाच्या अभ्यासाची साधने आहेत, हे आपणांस परिचित आहे. प्रस्तुत पाठात तोच विचार आजच्या लेखनाला लावून पाहावयाचा आहे. ऑर्कुट, फेसबुक, ट्विटर यांसारख्या समाजमाध्यमांवर कोट्यवधी माणसांनी लिहिले आणि आजही लिहीत आहेत. हे लेखन सांस्कृतिक वारसा मानावे काय? मानल्यास ते कोणी व कसे जपावे? आणि जपताना कोणत्या मर्यादा पाळाव्यात? या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

१. किरकोळ लेखनाचे मोल

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. त्यांतील पत्रे लिहिणाऱ्यांपुढे भावी इतिहासकार नव्हता. निरोप पोचावा एवढाच त्यांचा हेतू होता. त्यामुळेच त्या पत्रांतील भाषा आणि व्यवहार अभ्यासकाला विश्वसनीय वाटतात. सावधपणे लिहिलेल्या ग्रंथात जे येत नाही, ते घाईने लिहिलेल्या चिठ्ठीत सापडते.

समाजमाध्यमांवरील लेखन याच जातीचे आहे. मुद्रित मराठी संपादकाच्या व मुद्रितशोधकाच्या हाताखालून जाते. समाजमाध्यमांवर मात्र वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी माणसे आपली बोली स्वतःच, आपल्याला सुचेल त्या लेखनपद्धतीने लिहितात. 'पण' ऐवजी 'पन' लिहिले जाते. मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जातो. 'फॉरवर्ड करणे', 'ब्लॉक करणे' अशी क्रियापदे सहज रूढ होतात. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हे दोष असतील. भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने ती नोंद आहे. ज्यांचे लेखन पूर्वी कधी छापले गेले नसते, अशा लोकांची भाषा प्रथमच एवढ्या विपुलतेने लिखित रूपात आली आहे.

युनेस्कोने २००३ मध्ये डिजिटल वारशाच्या जतनाविषयीची सनद स्वीकारली. मुळातच डिजिटल रूपात जन्मलेली सामग्रीही मानवजातीचा वारसा असू शकते, हे तत्त्व तिने मान्य केले.

२. दुर्लक्षात टिकणारे आणि दुर्लक्षाने नष्ट होणारे

कागद आणि डिजिटल मजकूर यांत एक मूलभूत भेद आहे. वाड्याच्या माळ्यावर रुमालात बांधून ठेवलेले कागद वाळवी व ओल यांपासून वाचले, तर शंभर वर्षे कोणी न पाहताही टिकतात. डिजिटल मजकुराला असे दुर्लक्ष सोसत नाही. तो कोणत्यातरी कंपनीच्या यंत्रांवर असतो आणि कंपनीने खर्च थांबविला की नाहीसा होतो.

याची उदाहरणे ठळक आहेत. लाखो लोकांनी घरगुती संकेतस्थळे जेथे उभारली होती, ती जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली; तिचा काही भाग स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचविला. भारतात अत्यंत लोकप्रिय ठरलेले ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये सुरू होऊन ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यावरील मराठी समूहांत झालेल्या चर्चा ही मराठीच्या आंतरजालीय वापराची आरंभीची मोठी नोंद होती. मायस्पेस या माध्यमावर २०१५ पर्यंत चढविलेले असंख्य ध्वनिमुद्रणांचे भांडार यंत्रबदलाच्या वेळी हरवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले.

मजकूर राहिला तरी तो वाचता येईलच असे नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची अनेक मराठी पाने विशिष्ट टंकांवर अवलंबून होती. तो टंक नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून जतन म्हणजे केवळ साठवण नव्हे; पुढील पिढीला वाचता येईल अशा रूपात ठेवणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

३. एक बोधप्रद प्रयोग

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने एप्रिल २०१० मध्ये ट्विटरवरील सर्व सार्वजनिक संदेश जतन करण्याची घोषणा केली. २००६ ते २०१० या काळातील सुमारे २,१०० कोटी संदेश प्रथम हाती आले. २०१२ च्या अखेरीस ही संख्या सुमारे १७,००० कोटींवर पोचली. त्या वेळी केवळ पहिल्या चार वर्षांच्या संग्रहात एक शोध घ्यावयाचा, तर २४ तास लागू शकत, असे ग्रंथालयाने स्वतःच नमूद केले.

डिसेंबर २०१७ मध्ये ग्रंथालयाने धोरण बदलले. १ जानेवारी २०१८ पासून सर्व संदेशांऐवजी निवडक संदेशच, म्हणजे निवडणुका, सार्वजनिक धोरण, राष्ट्रीय महत्त्वाच्या घटना यांविषयीचे, घेण्याचे ठरले. संख्या वाढली होती, संदेशांची लांबी वाढली होती. शिवाय ग्रंथालयाला केवळ मजकूर मिळत होता, चित्रे व चित्रफिती मिळत नव्हत्या. जमविलेला संग्रहही वाचकांसाठी खुला करण्यात आला नाही.

या प्रयोगाला अपयश म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सर्व काही जमविले, तर त्यात शोधणे अशक्यप्राय होते. निवड केली, तर निवडणाऱ्याच्या दृष्टीला महत्त्वाचे तेवढेच उरते. नेत्यांचे शब्द राहतात. बाजारभावावर, पावसावर, लेकीच्या परीक्षेवर लिहिणारा सामान्य माणूस गळतो. कोणाचा आवाज उद्याच्या इतिहासात राहील, हा प्रश्न अशा वेळी तांत्रिक राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो.

४. संदर्भासह जतन

सुटे वाक्य म्हणजे अभिलेख नव्हे. संदेश कधी लिहिला, कशाला उत्तर म्हणून लिहिला, सोबत चित्र कोणते होते, हे कळले नाही तर उपरोध आणि स्तुती यांतील भेदही कळत नाही. म्हणून अभिलेखागारे शक्यतो संपूर्ण पान, त्यातील दुव्यांसह व दिनांकासह, टिपतात. १९९६ मध्ये ब्रूस्टर केल यांनी स्थापन केलेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था हेच कार्य करते. तिचे 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. तथापि, खाते उघडल्याशिवाय जे दिसत नाही, ते अशा साधनांच्या कक्षेबाहेरच राहते.

५. संमती आणि विसरले जाण्याची इच्छा

चारचौघांत बोललेले वाक्य आणि दगडावर कोरलेले वाक्य यांत फरक आहे. सार्वजनिक खात्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने कायमच्या नोंदीला संमती दिलेली नसते. अमेरिकेत २०१४ मधील फर्ग्युसन येथील आंदोलनाविषयीचे संदेश अभ्यासकांनी गोळा केले, तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला: आज जपलेला संदेश उद्या आंदोलकाविरुद्धच वापरला गेला तर? यातून पुढे आलेल्या 'डॉक्युमेंटिंग द नाऊ' या प्रकल्पाने अशा संग्रहांच्या नैतिकतेवर भर दिला. संपूर्ण मजकुराऐवजी केवळ संदेशांचे क्रमांक इतरांना देण्याची पद्धत अभ्यासकांत रूढ झाली. मूळ लेखकाने संदेश पुसला असेल, तर त्या क्रमांकावरून तो पुन्हा मिळविता येत नाही. येथे स्मृती आणि खाजगीपण या दोन मूल्यांत तोल साधलेला दिसतो. जे पुसले गेले ते अभ्यासकाला मिळत नाही, ही त्याची किंमत होय.

६. आपली जबाबदारी

भारतात १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावयाची असते. हा कायदा मुद्रित साहित्यासाठी रचला गेला. समूहांत लिहिल्या गेलेल्या मराठीला तसे छत्र नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण तर खाजगी असल्याने कोणतेही अभिलेखागार ते परस्पर घेऊ शकत नाही, आणि घेऊ नये. ते राहील, ते ज्यांचे आहे त्यांनी ठेवले तरच.

सारांश, समाजमाध्यमांवरील लेखन हा वारसा आहे; कारण ते आजच्या बोलत्या मराठीची नोंद आहे. त्याच्या जतनाला सातत्य, संदर्भ आणि संमती या तिन्हींची आवश्यकता आहे. यांपैकी एक जरी सुटले, तरी संग्रह एकतर नष्ट होतो, निरर्थक होतो किंवा अन्यायकारक ठरतो.

स्वाध्याय

१) 'कागद दुर्लक्षात टिकतो, डिजिटल मजकूर दुर्लक्षाने नष्ट होतो.' या विधानाचे सोदाहरण स्पष्टीकरण करा.

२) सर्वसंग्रह आणि निवडक संग्रह यांचे गुणदोष लिहा.

३) क्षेत्रीय कार्य : आपल्या कुटुंबाच्या किंवा गावाच्या एखाद्या समूहातील सणाच्या आठवड्याचे संभाषण, सर्व सदस्यांची संमती घेऊन, मजकुराच्या धारिकेत उतरवून घ्या. दिनांक व प्रसंग नोंदवा, नावांऐवजी सांकेतिक अक्षरे वापरा आणि त्यातील बोलीविशेषांची यादी करा. ज्या सदस्याने नकार दिला, त्याचे संदेश वगळा आणि ते वगळल्याची नोंद करा. कारण कोणता मजकूर गाळला हे सांगणे, हाही प्रामाणिक अभिलेखाचा भाग आहे.