दोन बाइटांचा दरोडा

गुरुवार, ४ फेब्रुवारी २०१६. ढाक्यातली बांगलादेश बँक, म्हणजे त्या देशाची रिझर्व्ह बँक, रात्री बंद होती. तरी तिच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे ३५ आदेश गेले: आमच्या खात्यातले सुमारे ९५ कोटी डॉलर अमुक अमुक खात्यांत वळते करा. आदेश ‘स्विफ्ट’वरून, म्हणजे जगभरच्या बँका ज्या यंत्रणेवरून एकमेकींना निरोप धाडतात तिच्यावरून आले होते. वरवर पाहता ते खरेच वाटावेत असे होते.

चोरांनी बँकेतल्या स्विफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला कळीचा बदल जेमतेम दोन बाइटांचा होता. खातरजमा फसली तर वाट अडवणारी एक सूचना त्यांनी काढली आणि तिथे ‘काहीच करू नकोस’ ही आज्ञा बसवली. एवढ्याशा जागेत एका देशाची गंगाजळी उघडी पडावी, याने मी आजही थक्क होतो! व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटरही त्यांनी गप्प केला. शुक्रवारी तो बंद दिसला, पण प्रिंटर बिघडतातच, असं कर्मचाऱ्यांना वाटलं. बँकेत घुसखोरी रोखणारी फायरवॉल नव्हती आणि संगणक जोडायला दहा डॉलरचे जुने स्विच वापरात होते, असं तपास अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं.

आणि ते पंचांग! शुक्रवारी ढाक्याला सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कला, आणि पैसे जिथे जायचे होते त्या मनिलाला सोमवारी, चिनी नववर्षामुळे. त्या चार दिवसांत तिन्ही शहरं एकाच वेळी जागेवर सापडणं कठीण होतं.

मग बरेचसे पैसे वाचले कसे? पैसे घेणारी मनिलातली बँकशाखा ‘ज्युपिटर’ नावाच्या रस्त्यावर होती. अमेरिकेच्या इराणविषयक निर्बंधांच्या यादीतही ते नाव होतं, म्हणून संशय आला आणि ३० आदेश अडले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकल्याने थांबले. मनिलात मात्र ८ कोटी १० लाख डॉलर पोचले आणि त्यातले बरेचसे कॅसिनोंत जिरले. तिथले कॅसिनो तेव्हा काळा पैसा रोखणाऱ्या कायद्याबाहेर होते. २०१७ मध्ये ते त्यात आले. ढाक्याने कितीही पहारा बसवला असता, तरी तो कायदा काही ढाक्याच्या हातात नव्हता.

मला सर्वांत बोचते ती बांगलादेश बँकेची लपवाछपवी. खुद्द अर्थमंत्र्यांना ही बातमी महिनाभराने, वर्तमानपत्रांतून कळली. गव्हर्नर अतिउर रहमान यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला. तोवर माग काढण्याचे मोलाचे दिवस हातचे गेले होते.

आपल्याकडे २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेआड चोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली होती. बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले. काही रक्कम इथेही स्विफ्टवरूनच हाँगकाँगला गेली. देशाची राखण करायची तर सहकारी बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोचावं लागतं, आणि तिथे रात्रपाळीला बसणारी जाणती माणसं अजूनही फार थोडी आहेत.