गॉथमच्या अंधाराचे संगीत

‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ ही अमेरिकी कार्टून मालिका सप्टेंबर १९९२ मध्ये सुरू झाली. तिचा एकेक भाग जेमतेम बावीस मिनिटांचा, तरी प्रत्येक भागासाठी पार्श्वसंगीत नव्याने लिहून वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले जाई. मुलांच्या कार्यक्रमाच्या हिशेबात ही चैनच होती.

दूरचित्रवाणीवरच्या कार्टूनमध्ये काटकसरीची रीत मुरलेली होती. हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या ‘द फ्लिंटस्टोन्स’सारख्या मालिकांसाठी संगीतकार हॉयट कर्टिन पाठलाग, घबराट, फजिती अशा प्रसंगांचे तुकडे रचून ठेवत आणि संकलक तेच भागामागून भागांत जोडत. जपानी मालिकांतही बहुधा असेच साठ्याचे संगीत असते. ध्वनिदिग्दर्शक भावांची यादी देतो, संगीतकार त्याबरहुकूम रचना करतो आणि कुठली कुठे बसवायची ते पुढे ठरते. या पद्धतीतूनही उत्तम संगीत निघते; मात्र ते ठरावीक दृश्याच्या मापाचे नसते.

बॅटमॅनचे संगीत मापाचे होते. शीर्षकधून डॅनी एल्फमन यांची. मालिकेच्या संगीताची सूत्रे मात्र शर्ली वॉकर यांच्याकडे होती. एल्फमन यांनी १९८९ च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटाला दिलेल्या संगीताचे वाद्यवृंद-संचालनही वॉकर यांनीच केले होते. तयार भाग पाहून संगीत कुठे उचलायचे, कुठे गप्प बसवायचे हे आधी ठरते. मग सेकंदांच्या हिशेबाने मात्रा मांडल्या जातात आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांच्या कानात ठेक्याची टिकटिक चालू असते. त्यामुळे ठोसा आणि पितळी वाद्यांचा आघात एकाच क्षणी पडतो.

‘टॉम अँड जेरी’त स्कॉट ब्रॅडली यांनी पावलापावलाला सूर दिला होता. विनोदाला तो शोभतो. बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या गुन्हेकथेत त्याने सगळेच हास्यास्पद झाले असते. वॉकर यांनी हे तंत्र हाणामारीपुरते वापरले आणि एरवी पात्राच्या मनाकडे लक्ष दिले. बॅटमॅनसाठी त्यांनी एल्फमनपेक्षा वेगळी, स्वतःची धून बांधली. खलनायक जोकरला सर्कशीच्या वळणाचे, खट्याळ पण बोचरे सूर मिळाले. प्रत्येक भागाच्या नावाच्या पाटीलाही वेगळे संगीत असे. पात्रे बोलायला लागण्याआधीच त्या दिवसाची गोष्ट भयाची की करुणेची, हे त्यातून कळे. मालिकेचे खरे वैभव या काही सेकंदांच्या तुकड्यांतच आहे.

इतके काम एका हाताने होणारे नव्हते. वॉकर यांनी अनेक संगीतकारांना हाताशी घेऊन त्यांना स्वतंत्र भाग दिले. त्यांच्यापैकी लोलिता रिटमॅनिस आणि मायकल मॅकक्विस्टियन यांनी पुढे क्रिस्टोफर कार्टर यांच्यासह ‘जस्टिस लीग’ मालिकेचे संगीत केले. वॉकर यांचे २००६ मध्ये निधन झाले. त्यानंतर मालिकेचे पार्श्वसंगीत सीडी-संचांच्या रूपाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.