बटण सेल गिळला, तर केळं भरवू नका

सुरतेत लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे. पुरुष मागावर किंवा मिलमध्ये जातात. अनेक घरांतल्या बायका साड्यांवर टिकल्या-खडे लावायचं काम घरीच करतात. एकाच खोलीत पसरलेली साडी, वाटीत चमकणारे खडे आणि शेजारी रांगणारं मूल. या वयात हाती लागेल ते तोंडात जाणारच.

गिळलेला मणी किंवा खडा बहुतेक वेळा काही दिवसांत शीवाटे पडून जातो. तरीही डॉक्टरांना विचारावं. तीन बाबतींत मात्र क्षणभरही थांबू नये.

पहिली, रिमोट-खेळण्यातला बटण सेल. 20 मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत नळी गंभीर भाजू शकते. रिमोट चालत नाही म्हणून काढून टाकलेला सेलही भाजतो. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो. कडेला दुहेरी वर्तुळ असतं. 'नाणं उतरेल' म्हणून केळं भरवू नका, उलटी काढू नका. सेल काढण्यासाठी भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. फक्त मूल वर्षापेक्षा मोठं असेल आणि गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा. मधासाठी निघायला उशीर नको.

दुसरी, लोहचुंबक. दोन गिळले तर ते आतड्याच्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पडतं.

तिसरी, श्वासनळीत गेलेला शेंगदाणा किंवा मणी. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, तर 108 ला फोन करायला सांगा. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. मोठ्या मुलाला पाठीवर 5 थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर 5 झटके. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून करत राहा. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नका, ती आणखी आत जाते.

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, हेही पाहून घ्या. घरी केलेल्या साडीकामाची मजुरी नगावर मिळते, त्यामुळे आईचे दोन्ही हात सुईधाग्यात अडकलेले असतात. म्हणून साड्यांच्या गठ्ठ्यासोबत खड्यांसाठी घट्ट झाकणाचा डबा देणं हे काम देणाऱ्या शेठचंही कर्तव्य आहे.