‘वेड’ नावाचा आजार नाही!

छातीत धडधड, डोकेदुखी, झोप नाही, अंग गळून जाते, अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे पुष्कळ रुग्ण येतात. तपासण्यांत काही सापडत नाही. ‘दुखणे मनाचे असावे’ असे म्हटले, की सोबतचे नातेवाईक दचकतात. ‘‘म्हणजे वेड लागलंय का, डॉक्टर?’’

वाचकहो, वैद्यकशास्त्रात ‘वेड’ नावाचा आजारच नाही. या एका शब्दात आपण निरनिराळे आजार कोंबतो आणि लोकलाजेपायी उपचार लांबवतो. म्हणून आज काही शब्दांचे अर्थ समजून घेऊ.

नैराश्य : पीक गेले, जवळचे माणूस गेले, तर दुःख होणारच. पण बहुतेक वेळ उदासी, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, स्वतःला सतत दोष देणे, हे सलग दोन आठवडे टिकले तर नैराश्याची शंका घ्यावी. रक्तक्षय आणि थायरॉइडची कमतरता यांतही असाच थकवा येतो. म्हणून मी आधी रक्त तपासून घेतो.

चिंताविकार : कारण नसताना किंवा कारणापेक्षा कितीतरी जास्त काळजी, आणि ती थांबवता न येणे. काहींना एकाएकी धडधड, घाम व ‘आता मरतो’ अशी भीती वाटते. हा पॅनिक अटॅक. मात्र पहिल्यांदा असे झाल्यास हृदयाचा ईसीजी काढलाच पाहिजे.

मंत्रचळ : पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप ओढून पाहणे. हे अति होते, असे रुग्णाला बहुधा कळते, पण राहवत नाही. हा हट्ट नव्हे.

भास आणि भ्रम : कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे हा भास. ‘शेजारी माझ्यावर विषप्रयोग करतात’ अशी पुराव्याविना पक्की समजूत हा भ्रम. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या आजारात ही लक्षणे दिसतात. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो. तापात किंवा दारू एकदम सोडल्यावर भास झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ मनाच्या चाचण्या घेतो आणि बोलून उपचार करतो. बऱ्याचदा दोघांचीही गरज पडते.

नैराश्यावरची औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचे व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. घरातले कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणू लागले, तर ‘‘जीव द्यावासा वाटतो का?’’ असे सरळ, मायेने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळे होते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे रात्री-बेरात्रीही, विनामूल्य, मराठीत बोलता येते. हा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.