मंत्रचळ: उपचार आहेत, उपचारक कोठे?

पुन:पुन्हा हात धुणाऱ्या, कुलूप दहादा तपासणाऱ्या माणसास घरचे लोक ‘सोवळ्याचे वेड’ म्हणून हिणवतात. वस्तुत: मंत्रचळ हा उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. रुग्णाने भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जावे, पण धुण्या-तपासण्याची कृती रोखून धरावी, या उपचाराचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये घातला. सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधेही गुणकारी आहेत. मात्र त्यांचा गुण येण्यास दहा-बारा आठवडे धीर धरावा लागतो. औषध दुकानात मिळते. हा वर्तनोपचार शिकलेला मानसतज्ज्ञ तालुक्याच्या गावी क्वचितच आढळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीचे स्थान दिले. परंतु विम्याने उपचारक निर्माण होत नाहीत. खरी टंचाई पैशाइतकीच प्रशिक्षित माणसांची आहे, आणि ती विद्यापीठांनीच दूर करावयाची आहे.