आगाऊ वचन आणि प्रवेशाची आशा

१९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्या उद्योगाच्या ओढीने देशभरातून जी कुटुंबे दुर्ग जिल्ह्यात आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. भिलाईत वा शेजारच्या उतईत आज बारावीनंतरची वाट म्हटली की अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षाच डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु एखाद्या मुलीने अमेरिकेतील ‘लिबरल आर्ट्‌स’ महाविद्यालयाचे, म्हणजे साहित्य, गणित, इतिहास, पदार्थविज्ञान हे सारे एकत्र शिकविणाऱ्या लहानशा निवासी महाविद्यालयाचे, नाव काढले, तर वडीलमंडळींना एक अनोळखी प्रश्न पडतो: ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज करावा काय?

हा अर्ज बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आपल्या दिवाळीच्या सुमारास, करावयाचा असतो. उत्तर डिसेंबरच्या मध्यास येते. असा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो आणि प्रवेश मिळाल्यास अन्यत्रचे अर्ज मागे घेऊन तेथेच जावे लागते. महाराष्ट्रात अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागते. त्याच जातीचे हे बंधन.

महाविद्यालयाचा लाभ उघड आहे. सर्वसाधारण फेरीत निवडलेल्यांपैकी कितीजण खरोखर येतील, याची त्याला शाश्वती नसते. येथे वचनच हाती येते. म्हणून ते माप किंचित झुकते ठेवते. एव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, नामांकित महाविद्यालयांत आगाऊ अर्जाचा लाभ प्रवेशचाचणीतील सुमारे १०० जादा गुणांइतका होतो.

तथापि प्रसिद्ध होणाऱ्या टक्केवारीने हुरळून जाऊ नये. समजुतीसाठी कल्पित आकडे घेऊ. आगाऊ अर्ज १,०००, निवड २५० जणांची. म्हणजे शेकडा २५. नंतरच्या फेरीत अर्ज ९,०००, निवड ७५०. म्हणजे शेकडा ८. तिप्पट लाभ! पण त्या २५० मध्ये क्रीडाशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले मिळून १०० असतील, तर इतर ९०० जणांना जागा उरतात १५०. प्रमाण शेकडा १७ वर येते. लाभ आहे, पण दिसतो तेवढा नाही. शिवाय आगाऊ अर्ज करणारे बहुधा तयारीचेच विद्यार्थी असतात, हेही विसरता कामा नये.

आपल्याकडील कुटुंबाची खरी मेख पैशात आहे. अॅमहर्स्टसारखी मोजकी महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची ऐपत पाहत नाहीत; बहुतेक मात्र पाहतात. तेथे मोठी मदत मागणाऱ्याला आगाऊ अर्जाने मिळणारी सवलत मदतीच्या मागणीतच विरून जाऊ शकते. आणि वचन दिल्यावर दोन महाविद्यालयांच्या मदतीची तुलना करण्याची संधी राहत नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियास गेलेल्या आंबेडकरांनी परतल्यावर दहा वर्षे सेवा करण्याचा करार केला होता. पण पैसा किती मिळणार हे त्यांना सहीपूर्वी ठाऊक होते. येथे वचन आधी, आकडा मागाहून.

देऊ केलेली मदत अपुरी ठरल्यास वचनातून मुक्त होता येते, एवढी एक पळवाट नियमात आहे. म्हणून अर्जापूर्वी घरातील वार्षिक खर्चाची मर्यादा कागदावर मांडावी, आणि मदतीविषयी महाविद्यालयास पत्राने विचारावे. मन नोव्हेंबरपर्यंत ठरले नाही, तर कित्येक महाविद्यालये जानेवारीच्या सुमारास अशाच अर्जाची दुसरी फेरीही घेतात. तिचे उत्तर फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेच्या ऐन धांदलीत, येते.