‘हॅव’ आणि ‘ओन’: जवळ असणें व मालकीचें असणें

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकांतच जें क्रियापद मुलाच्या पाठीं लागतें आणि पदवीच्या परीक्षेपर्यंत त्याची पाठ सोडीत नाहीं, तें म्हणजे ‘हॅव’. ‘जवळ असणें’ एवढा अर्थ पाठ करून जळगांवचा किंवा धुळ्याचा विद्यार्थी भाषांतराला बसला, कीं त्याची पंचाईत होते. इंग्रज मनुष्य भावाविषयीं ‘हॅव’ म्हणतो, पडशाविषयींहि ‘हॅव’ म्हणतो, दहा एकर जमिनीविषयीं तेंच, आणि सकाळचा चहा घेण्यालाहि तेंच!

मराठींत या क्रियापदाच्या जोडीचें क्रियापद नाहीं. पण ही उणीव नव्हे. मराठी भाषा ‘असणें’ हें एकच क्रियापद ठेवते आणि संबंधाचा प्रकार प्रत्ययांनीं व शब्दयोगी अव्ययांनीं सांगते. ‘मला दोन भाऊ आहेत’ यांत नातें आहे. ‘माझ्याजवळ पांच रुपये आहेत’ यांत सान्निध्य. ‘माझ्याकडे शेजाऱ्याची किल्ली आहे’ यांत सांभाळ. ‘त्याच्या अंगीं धैर्य आहे’ यांत गुण. आणि ‘हें घर माझें आहे’ यांत मालकी. ‘भाऊ माझ्याजवळ आहे’ असें म्हटलें, तर तो मुक्कामाला आहे असा अर्थ होतो. खानदेशच्या अहिराणींत ‘आहे’च्या जागीं ‘शे’ आणि ‘माझ्याजवळ’च्या जागीं ‘मना जोडे’ येतें, पण रीत हीच. संस्कृतांतहि ‘मम अस्ति’ अशीच रचना होते, आणि दूरच्या रशियन भाषेंतहि ‘माझ्यापाशीं आहे’ अशाच वळणानें बोलतात.

‘हॅव’चें मूळ पाहिलें म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. लॅटिनमधील ‘हाबेरे’ हें क्रियापद अर्थानें व रूपानें त्याच्यासारखें दिसतें, परंतु त्याचें सगोत्र नव्हे. ‘हॅव’चा सगोत्र शब्द ‘कापेरे’ हा असून त्याचा अर्थ ‘पकडणें’ असा आहे. म्हणजे ‘हॅव’ मूळचें मुठीचें क्रियापद. मुठींत वस्तु आहे एवढें तें सांगतें. ती कोणाची आहे याविषयीं तें मौन पाळतें. वाचनालयाचें पुस्तक हातीं असलें तरी ‘आय हॅव ए बुक’ हें वाक्य खरेंच असतें.

हक्क सांगावयाचा झाला तर इंग्रजींत ‘ओन’ हें क्रियापद येतें. त्याचें घराणें आपल्याला परकें नाहीं. जुन्या इंग्रजींतील ‘आगन’ आणि संस्कृतांतील ‘ईश्’ हीं एकाच मूळ धातूचीं रूपें होत. म्हणून ‘ओन’ आणि ‘ईश्वर’ हे शब्द दूरचे भाऊबंद ठरतात. याच ‘आगन’पासून ‘देणें लागणें’ या अर्थाचा ‘ओ’ आणि ‘कर्तव्य असणें’ या अर्थाचा ‘ऑट’ हे शब्द निघाले. स्वामित्व, कर्ज आणि कर्तव्य एकाच घरांत नांदावीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

वापराचे दोनतीन नियम लक्षांत ठेवावे. ‘ओन’ वस्तूंविषयीं व मालमत्तेविषयीं वापरावें, भावाबहिणींविषयीं नव्हे. ‘आय ॲम ओनिंग ए हाऊस’ हें अशुद्ध, कारण मालकी ही स्थिति आहे, चालू क्रिया नव्हे. त्याच कारणानें ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हेंहि चूक. मात्र ‘आय ॲम हॅविंग टी’ हें शुद्ध, कारण चहा पिणें ही क्रिया आहे. ‘हें घर माझें आहे’ या वाक्यांत घर हाच कर्ता असतो. त्याच्या अगदीं जवळचें इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘बिलाँग’.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाहीं. बटाईनें शेत करणारा खानदेशी शेतकरी ‘तें वावर माझ्याकडे आहे’ असें म्हणतो, ‘माझें आहे’ असें म्हणत नाहीं. सावकाराकडे ताबेगहाण पडलेल्या जमिनीचा धनी उलट ‘जमीन माझी, पण सावकाराकडे’ असें म्हणतो. इंग्रजींत भाषांतर करतांना दोन्ही ठिकाणीं ‘हॅव’ घातलें, तर कोण धनी आणि कोण वहिवाटदार हें उमगणार नाहीं. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें याच भेदाला हात घातला. पुढें त्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशीं जमीन कायदेशीर रीतीनें स्वतः कसणारें कूळ, कांहीं अपवाद वगळतां, तिचें खरेदीदार मानलें गेलें. किंमत न्यायाधिकरणानें ठरवावयाची होती. ‘माझ्याकडे’ या शब्दाचा ‘माझें’ व्हावा, यासाठीं कायदा लागला!

आजहि सात-बाराच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार’ निराळा आणि ‘कूळ’ निराळें. भोगवटादारांतहि वर्ग १ व वर्ग २ असे प्रकार आहेत. दुसऱ्या वर्गाच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. तेव्हां ‘हॅव’ समोर आलें म्हणजे कोश उघडण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: ही वस्तु त्या माणसाला आहे, त्याच्याजवळ आहे, त्याच्याकडे आहे, कीं त्याची आहे? उत्तर मिळालें, कीं मराठी वाक्य आपोआप सुचेल, आणि कागदावर सही करण्यापूर्वींहि हाच प्रश्न उपयोगी पडेल.